सर्वांना चौऱ्याण्णव

१५ सप्टेंबर १९९७, सोमवार
बेलापूरच्या आमच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासमध्ये अखेर मल्टिमीडिया कॉम्प्युटर आला. माइक, हेडफोन, सीडी, सगळं. सीडीतली इंग्रज बाई एक वाक्य बोलते. आपण माइकमध्ये तेच म्हणायचं. कॉम्प्युटर उच्चाराला शंभरपैकी मार्क देतो. साठला पास. क्लासचे मालक नंदकुमार सर म्हणाले, दिवाळीपर्यंत चौदाच्या चौदा विद्यार्थी पास करा, तुम्हाला कायम करतो. मी म्हटलं, दिवाळी कशाला सर, दसऱ्यालाच करते.
आईने मी कायम झाल्याचं बिल्डिंगमध्ये सांगूनही टाकलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पप्पांनी दारावर माझी पाटी लावली आहे: कु. सुमेधा, बी. ए. त्यांच्या पाटीपेक्षा मोठी.

१६ सप्टेंबर
विद्यार्थ्यांसमोर आदर्श हवा म्हणून पहिलं वाक्य मी म्हटलं. २२. साहजिक आहे. मशीन शिकणाऱ्यांसाठी बनवलंय, शिकलेल्यांसाठी नाही.

१९ सप्टेंबर
सलिमा १७. हिरुबाय ९.
हिरुबाय दिवाळे गावातून मासळी विकायला येते आणि टोपली दाराबाहेर ठेवून वर्गात बसते. ऑफिसर क्वार्टर्समधल्या बाया भाव करताना आपापसात इंग्रजीत काय बोलतात ते तिला समजून घ्यायचंय, आणि त्याच भाषेत उत्तर द्यायचंय. मार्क बघून तिने माइक उलटा करून पाहिला. म्हणाली, "बाय, याचे कानान मल हाय." मी समजावलं, कॉम्प्युटरला कान नसतात. ती म्हणाली, "मंग आयकतं कशान गो?"
प्रश्न चांगला आहे. उद्या उत्तर द्यायचं.

२० सप्टेंबर
उत्तर दिलं नाही. पोर्शन मागे पडतोय.

२५ सप्टेंबर, सकाळी ११
ऐतिहासिक दिवस! सलिमा वाक्य आठवत होती, तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरची शिट्टी झाली. ४१ मार्क! माझ्यापेक्षा १९ जास्त. वर्ग हसला. मी हसले नाही. विचार केला. कुकर घाबरत नाही. हवा कोंडून ठेवतो आणि एका दमात सोडतो. आपले लोक नेमके इथेच कमी पडतात.

२६ सप्टेंबर
'कुकर पद्धत' सुरू केली. तीन वेळा श्वास कोंडायचा, चौथ्या वेळी वाक्य सोडायचं. सलिमाला वाशीच्या हॉटेलात रिसेप्शनिस्ट व्हायचंय. तिने विचारलं, "मॅडम, गेस्ट तेवढा वेळ थांबेल ना?" हा नकारात्मक विचार झाला. तिला कडक शब्दांत सांगायचं ठरवलं होतं. पण बिचारीचा चेहरा निळा पडला होता, म्हणून राहू दिलं.

४ ऑक्टोबर
सर्वात जास्त मार्क १८. कुणीच पास नाही. वर्गाला पुन्हा आदर्श ऐकवावा म्हणून शेजारच्या वहिनींना विनंती केली, कुकर जरा अकराच्या सुमारास लावाल का? त्या म्हणाल्या, आज पोहेच केलेत. समाजाचं सहकार्य नाही.

१० ऑक्टोबर
उद्या दसरा, म्हणून क्लासमध्ये आजच यंत्रपूजा. शिपाई गंगारामने कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, मॉनिटरला गंध लावलं, माइकवर मूठभर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ तिथेच फोडला. सगळं पाणी माइकवर. मला असल्या गोष्टी मान्य नाहीत. हिरुबायने डोळे वटारले म्हणून हात जोडले, एवढंच.
दसऱ्यापर्यंत कुणी पास झालं नाही. पण मी मूळ मुदत दिवाळीचीच धरली होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार
हिरुबाय ९४!! सलिमा ९४!! चौदाच्या चौदा ९४!!
कुकर पद्धतीला वेळ द्यावा लागतो, हे मी म्हणतच होते. सलिमा म्हणाली, "मॅडम, मी अजून बोललेच नाही." तिला सांगितलं, यालाच आत्मविश्वास म्हणतात. हिरुबाय म्हणाली, नारळ पावला. तिला वैज्ञानिक दृष्टिकोन द्यायला हवा. शेवटी मीही वाक्य म्हटलं. ९४. मशीनला माझी ओळख पटायला महिना लागला.

२० ऑक्टोबर
तीन दिवस तापाने घरी होते. वर्ग गंगारामने घेतला. घेतला म्हणजे बटण दाबलं. तरीही सर्वांना ९४! बाई नसताना! शिक्षकाला याहून मोठं यश कुठलं? सरांना दोन पानी अहवाल दिला. त्यातलं एक वाक्य लाल शाईने अधोरेखित केलं: 'माझ्या अनुपस्थितीतही निकालात एका मार्काचा फरक पडला नाही.'

२१ ऑक्टोबर
सरांनी अहवाल दोनदा वाचला. लाल शाईचं वाक्य तिसऱ्यांदा. मग बराच वेळ गंगारामकडे बघत राहिले. भारावले असावेत.

२७ ऑक्टोबर, सोमवार
सरांनी केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं. चहा मागवला. अहवालाबद्दल मनापासून आभार मानले. दिवाळीनंतर वर्ग गंगाराम घेणार आहे. मी विचारलं, त्याला इंग्रजी येतं का? सर म्हणाले, तुमच्या अहवालात तशी काही गरज दिसत नाही.
सलिमा रडली. हिरुबायने गंगारामला दारात गाठून विचारलं, "मेल्या, तुना काय येतं रं?" तो म्हणाला, बटण.
प्रमाणपत्रं पंधरा छापून आली होती. एक माझं. ९४ मार्क. खाली शिक्षकाची सही, गंगारामची. इंग्रजीत केली आहे. वळण चांगलं आहे.
घरी आल्यावर आईने विचारलं, कायम झालीस?
म्हटलं, पास झाले.