गाठीची वायर

१० फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही! सकाळी नऊपासून सर्किटचा बोर्ड कॉम्प्युटरला जोडतेय, अपलोडचं बटण दाबतेय, आणि स्क्रीनवर तीच लाल ओळ – बोर्ड सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय? समोर टेबलावर पडलाय, त्याचा हिरवा दिवा लख्ख जळतोय!

ड्रायव्हर काढून परत टाकला. कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. रिसेटचं बटण दाबून धरलं, सोडलं, परत धरलं. माझी वायर आणि बोर्ड उचलून शेजारच्या कॉम्प्युटरवर नेले. ठिम्म.

शनिवारी रुग्णालयाची माणसं बघायला येणार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने उशाशी बटण दाबायचं, नर्सच्या खोलीत घंटा वाजणार आणि कोणती खाट तेही कळणार. साधं काम. तीन खाटा, तीन बोर्ड. प्रोग्रॅम माझा, लिहून तयार. पण बोर्डात उतरेल तर ना!

तरी बरं, शुक्रवारी मी खण आवरला. वायरींचा नुसता गुंता झाला होता, गाठी सोडवून सोडवून नखं दुखली. आता सगळ्या कशा सरळ, रबर लावून ठेवल्यात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसराही नाही, तिसराही नाही.

तिन्ही बोर्डांना पिना काकांनी जोडल्यात. काका म्हणजे आमचे सोल्डरिंगचे काका. मालकीणबाईंच्या वडिलांच्या वेळेपासून या वर्कशॉपमध्ये आहेत. चार वर्षांपूर्वी मी आले तेव्हा डाग द्यायची इस्त्री कुठे धरायची आणि सोल्डरची तार कुठे, इथपासून त्यांनीच शिकवलं. दोष कधी सांगत नाहीत. 'शोध' म्हणतात आणि चहा प्यायला जातात! मला नावाने कधी हाक मारली नाही, पहिल्या दिवसापासून मी 'घाईबाई'.

हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो. सगळ्यांना दिसतं. बोलत कुणी नाही.

आज मी बोलले. मालकीणबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, शनिवारचं काय म्हणाल्या. दोन दिवस डोकं फुटायची पाळी आलेली, माझ्या तोंडून गेलं – "काकांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही हो. सोल्डर कुठेतरी जास्त लागलंय, चिप भाजली असेल." त्या तिन्ही बोर्डांकडे बघत राहिल्या आणि गेल्या.

दुपारी काका आले. बोर्ड भिंगाखाली उलटेपालटे करून पाहिले. मग जोडलेली वायर उचलली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून फिरवली. "घाईबाई, खण आवरलास वाटतं?"

मी म्हटलं, हो, कुणीतरी आवरायला हवाच होता. जरा तुसडेपणानेच म्हटलं. ते हसले आणि चहा प्यायला गेले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काका आले नाहीत. मालकीणबाईंनी घरी बसायला सांगितलंय म्हणे. महिनाभर आराम करा, मग बघू. 'मग बघू'चा अर्थ इथे सगळ्यांना कळतो.

मी काही 'त्यांना काढा' म्हटलं नव्हतं. मी फक्त हाताबद्दल बोलले. आणि हात थरथरतोच ना? खोटं काय बोलले मी?

त्यांच्या टेबलावर चष्म्याचं घर तसंच पडलंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू? लिहिते.

मालकीणबाईंना पुरावा दाखवावा म्हणून बोर्डांचे जवळून फोटो काढले. पुरावा! माझ्याच मनाला टोचत होतं, म्हणून पुरावा हवा होता. फोटो मोठे करून बघायला फोन कॉम्प्युटरला जोडला – त्याच वायरने. फोन चार्ज व्हायला लागला. कॉम्प्युटरवर मात्र काहीच नाही. फोन सापडत नाही.

वायर काढून तिची टोकं पाहिली.

काही वायरींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. दिवा लागतो, चार्जिंग होतं, बाकी काही जात नाही. बाहेरून सगळ्या सारख्याच. म्हणून काका तसली वायर सापडली की तिच्या टोकाशी एक गाठ मारून ठेवतात. गाठीची वायर चार्जिंगला, सरळ वायर कामाला. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. मला सांगितलं होतं. मीही दोघांना सांगितलंय.

आणि शुक्रवारी मी गुंता समजून सगळ्या गाठी सोडवल्या. नखं दुखेपर्यंत!

खणातली दुसरी वायर घेतली. पहिला बोर्ड – झाला. दुसरा – झाला. तिसरा – झाला. पाच मिनिटं लागली नसतील. काकांचं सोल्डरिंग भिंगाखाली पाहिलं. एकेक पिन स्वच्छ, एकसारखी. तीन दिवसांत त्या वायरीवर एखादा जुना, चालणारा बोर्ड लावून बघावा हे मला सुचलं नाही. सुचलं नाही कारण दोष कुणाचा ते मी आधीच ठरवून टाकलं होतं.

मालकीणबाईंना म्हटलं, चालू झाले. त्या एवढ्या खूश झाल्या! "काकांच्या बोर्डांतून तू मार्ग काढलास हो." मी तोंड उघडलं. मग मिटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घंटा वाजली. तिन्ही खाटा बरोबर. रुग्णालयाच्या मुख्य नर्सबाईंनी स्वतः आडवं होऊन बटण दाबून पाहिलं आणि हसल्या. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, अडचण आली होती पण आमच्या हिने रात्रंदिवस खपून सोडवली म्हणाल्या. टाळ्या! मी मान खाली घातली तर लोकांना वाटलं लाजतेय.

१६ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई सकाळी म्हणाल्या, कौतुक झालं तर तोंड असं का, कुणाचं चोरून आणलंस की काय? थट्टाच करत होत्या. मी भांडी जोरात आपटली. नंतर त्यांनी न बोलता माझ्या वाटणीची भांडीही घासली. त्याचंही आता वाईट वाटतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काकांचा फोन आला. नाव बघून बराच वेळ वाजू दिला, मग उचलला. तब्येत विचारली, माझी! मग – "बोर्ड चालू झाले म्हणे. काय निघालं?"

मी म्हटलं, सॉफ्टवेअरचा घोळ होता.

मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

सॉफ्टवेअरचा घोळ! ज्याने मला हे काम शिकवलं त्याला मी हे ऐकवलं. लाज वाटते मला माझी. आतापर्यंत चूक होती, आता खोटं बोलले.

१९ फेब्रुवारी

सांगायचं ठरवून गेले. मालकीणबाई बाहेरगावी. बरं वाटलं – हेही लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी

आल्या. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. तिसऱ्यांदा म्हणाल्या, काय गं, पाय मोकळे करतेस का? मी म्हटलं, हो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. वायर टेबलावर ठेवली आणि त्या शुक्रवारच्या खणापासून फोनवरच्या खोट्यापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये एकदा रडू आलं, पण थांबले नाही.

वाटलं होतं, ओरडतील. त्या वायरीकडेच बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नुसतं तुझ्या सांगण्यावरून नाही काढलं त्यांना. मलाही मनातून तेच वाटत होतं, तू बोललीस आणि माझं सोपं झालं." वायर माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, मी माझं बोलेन, पण तुझं तू सांग. फोन नको, घरी जा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेले. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी बसून शेजाऱ्यांचा रेडिओ दुरुस्त करत होते. सोल्डरिंगची इस्त्री उचलली की हात हवेत थरथरतो. टोक तारेला टेकलं की अगदी स्थिर. मी दारातच उभी राहून बघत राहिले. चार वर्षं शेजारी बसून हे मी कधी पाहिलं नव्हतं.

सगळं सांगितलं. गाठी मी सोडवल्या, खापर तुमच्यावर फोडलं, कळल्यावर गप्प बसले, फोनवर खोटं बोलले. त्यांनी ऐकलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी इस्त्री स्टँडवर ठेवली, "चहा घे" म्हणाले. सकाळी मालकीणबाईही येऊन गेल्या होत्या. सोमवारपासून येतो म्हणाले.

रागावले नाहीत! जिना उतरताना किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. सासूबाईंना घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुटलीस बाई.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काका आले. चष्म्याचं घर उघडलं, चष्मा लावला, माझ्या टेबलाशी येऊन ती वायर उचलली आणि टोकाशी गाठ मारली. मी म्हटलं, काका, खण आवरलास वाटतं म्हणालात, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"मला त्या मंगळवारीच, वायर हातात घेतली तेव्हा दिसलं होतं," म्हणाले. "तू शोधशील म्हणून बोललो नाही. मग फोन केला. म्हटलं, आता तरी सांगशील."

वायर खणात ठेवली आणि जाताना मला नावाने हाक मारून म्हणाले, खण जरा लावून घ्या. 'घाईबाई' नाही, 'घे'ही नाही.