‘बरं आहे’ म्हणायचं नाही

प्रिय आई,

उद्या सकाळी दहा वाजता मला इथल्या सरकारी ऑफिसातून फोन येणार आहे. पलीकडची बाई विचारणार, तुम्हाला काय काय करता येत नाही? मी जे सांगेन त्यावरून ठरणार, मला अपंगत्वाचा भत्ता द्यायचा की नाही. आठवडाभर त्या उत्तरांची तयारी चाललीय, आणि दर उत्तरापाशी तू आडवी येतेस. म्हणून आधी तुला लिहितोय. पालथा पडून लिहितोय, अक्षर वाकडं येईल. रागावू नकोस.

तू विचारशील, अपंगत्व? कुणाला? तुला मी कधी सांगितलंच नाही ना! माझ्या मणक्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली. पहिलीच्या वेळी तुला म्हणालो, ऑफिसच्या कामानं बाहेरगावी जातोय. दुसरीच्या वेळी म्हणालो, फोन बिघडला होता. उजवा पाय आता माझा राहिला नाही. वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. नोकरी सुटून तीन वर्षं झाली. व्हिडिओवर तू दिसायच्या आधी वैशाली माझ्या पाठीशी उशा लावायची, अंगात इस्त्रीचा शर्ट चढवायची. आणि तू म्हणायचीस, "भानू, तब्येत सुधारली रे तुझी!" सुधारली कसली? गोळ्यांनी तोंड सुजलं होतं.

आणि तू तरी काय कमी होतीस? मागच्या दारी पडलीस, खुबा मोडला, आणि मला म्हणालीस, "काही नाही रे, पाय जरा लचकलाय." आई, लचकलेला पाय कुणाला तीन आठवड्यांत घेऊन जातो का?

दोघांनी एकमेकांना फसवलं. शिकवण मात्र तुझी.

घरातले तांदूळ संपले, असं तू कधी म्हणाली नाहीस. ‘वाढले’ म्हणायचीस. बांगडीसुद्धा तुझ्या तोंडी फुटायची नाही, वाढायची. पाचवीत मी तापानं फणफणलो होतो. गुरुजी चौकशीला आले, तर तू दारातूनच सांगितलंस, "बरा आहे, उद्या येईल शाळेत." मी आतून ओरडलो, "नाही गुरुजी, डोकं फुटतंय!" ते गेल्यावर केवढा धपाटा घातलास! तापलेल्या पोराला मारलंस, आणि वर म्हणालीस, "घरात अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

त्यानंतर मी घरात कधी अभद्र बोललो नाही. टेक्ससमधल्या या घरातही नाही.

पहिल्या अर्जात विचारलं होतं, रोजची कामं करता येतात का? मी लिहिलं, देवाच्या कृपेनं सगळं हळूहळू जमतं. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी लिहिलं, रोज सकाळी तासभर पूजा करतो. अर्ज नाकारल्याचं पत्र आलं. त्यात हेही कारण होतं, की अर्जदार रोज तासभर धार्मिक विधी करतो. त्यांना काय ठाऊक, ती मानसपूजा आहे! अंथरुणात डोळे मिटून मनातच देवाला पाणी घालतो, मनातच फूल वाहतो. पाटावर बसून वर्षं लोटली. "पूजा करतोस ना?" तू विचारायचीस, आणि मी "करतो" म्हणायचो. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं.

आता अपील केलंय. तेही गेलं तर हे घर ठेवता येणार नाही. वैशाली आठवडाभर औषधांच्या दुकानात उभी असते, शनिवार-रविवारी आणखी दुसरीकडे. घरी येते तेव्हा पायांवर बोट दाबलं की खळगा पडतो. विचारलं तर म्हणते काय? "बरे आहेत." सून तुझी शोभते!

रविवारी रेवानं माझी उजळणी घेतली. सोळा वर्षांची झालीय तुझी नात. वही घेऊन बसली, आणि फोनवरच्या बाईचा आवाज काढून म्हणाली, "गुड मॉर्निंग सर, हाउ आर यू टुडे?"

"फाइन, थँक यू."

"बाबा! गेम ओव्हर."

"अगं, रीत असते. कुणी कसे आहात विचारलं तर रडगाणं गायचं का?"

"ते सगळं रेकॉर्ड होतं. ओके, नेक्स्ट. मोजे स्वतःचे स्वतः घालता का?"

"हो, म्हणजे... मॅनेज होतं."

वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहून घे गं रेवा. तुझ्या बाबांच्या भाषेत बायकोला मॅनेज म्हणतात."

मग मी रेवाला सांगून टाकलं, की असं काही घरात बोलायला जीभ उचलत नाही, वास्तू तथास्तु म्हणते. ती म्हणाली, "बाबा, हे टेक्ससचं घर आहे. याला मराठी कुठे येतं?"

"पण बोलायचं इंग्रजीतच आहे ना!"

"मग कारमध्ये बसून घ्या कॉल."

"कारमध्ये बसवतं का मला?"

"एक्झॅक्टली! हेच सांगा ना त्यांना!" ती ओरडली, हसायला लागली, आणि हसता हसता तोंड फिरवून बसली.

शेवटचा प्रश्न होता, तुमचा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो, ते सांगा. मला बोलता येईना. तिनं वही माझ्यापुढे सरकवली. "लिहून काढा बाबा. मग नुसतं वाचून दाखवा." लिहायला घेतलं, आणि पहिला शब्द उतरला तो ‘आई’.

तो दिवस तुझा होता.

दिनकरचा फोन आला तेव्हा इथे सकाळ होती. "दादा, आई गेली. निघतोस ना? बर्फ आणतो, थांबतो आम्ही." मी म्हटलं, तिकीट बघून सांगतो. वैशाली कामावर, रेवा शाळेत. तुझ्या नावानं आंघोळ तरी करावी म्हणून भिंत धरत बाथरूममध्ये गेलो. इथल्या टबाला गुडघ्याएवढी कड असते. ती ओलांडायला उजवा पाय उचलेना. हातांनी उचलून आत ठेवला, आणि पडलो. अर्धा आत, अर्धा बाहेर. लघवी झालेली मला कळली नाही. वासानं कळली. फोन बेसिनवर वाजत होता. दिनकर विचारत असणार, थांबायचं का? वाजायचा, बंद पडायचा, पुन्हा वाजायचा. माझा हात पोचेना.

दुपारी वैशाली मला जेवण द्यायला येते, तशी आली. तिनं मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घेतलं, पुसलं, डोक्यावरून पाणी घातलं. तुला गावात बायकांनी आंघोळ घातली, मला इथे तिनं.

मग मी दिनकरला फोन लावला. म्हटलं, "तिकीट मिळत नाही रे. उरकून घ्या."

उरकून घ्या! तुझ्याबद्दल हा शब्द माझ्या तोंडून गेला, आई. थोरला मी, आणि अग्नी त्यानं दिला. वर्षश्राद्धाला फोनवर मला म्हणाला, "दादा, यायचं असलं की माणसाला तिकीट मिळतं." मी ऐकून घेतलं. भाऊ मला नालायक समजला तर चालेल, पण लुळा समजायला नको! हा कसला मोठेपणा? हा कुणाकडून घेतला मी?

अभद्र न बोलून टळलं काय? पाय गेला, तू गेलीस. देवाला काही सांगावं लागत नाही, तो जाणतो. माणसांना सांगावं लागतं. एवढं कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

भत्ता मिळेल की नाही, ठाऊक नाही. बाई दयाळू असेल, घाईतही असेल. पण तुला शब्द देतो. उद्या तिनं विचारलं की तो दिवस जसा घडला तसा सांगेन. टबाची कड, तो वास, वाजणारा फोन, सगळं. मध्ये कुठेही ‘पण’ घालणार नाही. आणि तिचा फोन संपला की दिनकरला लावेन. तो तेव्हा जेवून बसलेला असेल. त्याला सांगेन, तिकीट मी पाहिलंच नव्हतं, आणि का पाहिलं नव्हतं. तो शिव्या घालेल. कदाचित काहीच बोलणार नाही. तो बोलेपर्यंत मी फोन ठेवणार नाही.

तुझा,
भानू