हँडलवालं कॅबिनेट

प्रिय बुटके,

तू आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालीस, तरी हे नाव मी काही सोडणार नाही. हा आठवडा तू बाबांकडे आहेस. बारा तारखेला कोर्टातल्या समुपदेशक बाई तुला एकटीला बसवून विचारणार आहेत, कायमचं कुठे राहायचं ते. त्याबद्दल मला बोलायचं आहेच, पण आधी कॉम्प्युटरचं सांगते, नाहीतर सगळं उलटसुलट होईल.

तू मागे शर्टाच्या कटिंगच्या ब्राउन पेपरवर, मागच्या बाजूला, पार्ट्सची यादी लिहून ठेवली होतीस. खाली लिहिलं होतंस, ‘आई, फक्त बघ, घ्यायचं नाहीये.’ मी बघितलं. एक अक्षर कळलं नाही. पण तुझा जुना लॅपटॉप ऐन खेळात गोठतो आणि मैत्रिणी तुला मागे टाकून पुढे निघून जातात, हे मला दिसत होतं. मला वाटायचं, बरं झालं, तेवढेच डोळे वाचले. तेव्हा तुझं तोंड कसं एवढंसं व्हायचं हे पाहूनही मी काजं करत बसायचे. ते माझं चुकलं.

तर ती यादी घेऊन मी पार्टवाल्याकडे गेले. तोच तो, ज्याच्या पँटची कंबर मी दर वर्षी एक इंच सैल करते. त्याला म्हटलं, मला शिंप्याच्या भाषेत समजावून सांग. गडी हुशार निघाला. म्हणाला, गेमसाठी ग्राफिक्स कार्ड म्हणजे मुख्य कापड, अर्धे पैसे तिथे घाला. प्रोसेसर मधला चालेल, झगमगते दिवे म्हणजे नुसती लेस, ती काढून टाका. कार्ड जुनं पण तपासलेलं घेतलं. पॉवर सप्लायवर मात्र मी काटकसर करू दिली नाही. दोरा कच्चा असला की महागाचं कापडही उसवतं, हे मला कुणी शिकवायला नको. मेमरीवरून आमची जुंपली. मला सोळा जीबीची एकच पट्टी हवी होती, म्हणजे पुढे वाढवायला एक जागा रिकामी राहील, वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवतो तशी. तो म्हणाला, आठ-आठच्या दोन लावा, जोडीने जास्त पळतात. मी ऐकलं. मी कुणाचं ऐकते हे बाबांना सांगू नकोस, त्यांना चक्कर येईल.

आता कबूल करायची गोष्ट. हे सगळं ज्या डब्यात बसतं ते कॅबिनेट मी पहिल्यांदा आणलं ते मोठं होतं, कमरेपर्यंत येणारं, एका बाजूला अख्खी काच. दुकानातून दोघांनी धरून रिक्षात घातलं. खिडकीजवळचं शिलाई मशीन आतल्या खोलीत ढकललं, तिथे आता दिवसाही लाइट लावून शिवावं लागतं, आणि ते धूड मी उजेडात मांडलं. तू आलीस तेव्हा वर चादर टाकून गिऱ्हाइकाचं सामान आहे म्हणून सांगितलं. तुला सरप्राइज वगैरे सगळं खरं, पण मनात काय होतं ते सांगते. मनात होतं की एवढं जड यंत्र कुणी रोज उचलून नेत नाही. ते जिथे असेल तिथे तू असशील. बाबांकडे मोठी खोली आहे, वेगवान इंटरनेट आहे, माझ्याकडे काय आहे? तर हे असेल. पोटच्या पोरीसाठी गळ टाकून बसले होते मी, आणि वर स्वतःवर खूश होते.

मग रविवारी तू जायच्या आधी तुझ्या बॅगेचा बंद तुटला. तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात शिवून टाकावा म्हणून मी बॅग उलटी केली. आतून एक मोजा पडला, त्यात तुझा माउस गुंडाळलेला. दुसऱ्या मोज्यात हेडफोन. चार्जरला केसांचं रबर लावलेलं. बंदाला आधीच दोनदा सुई-दोरा मारलेला दिसला, तुझ्या हातचा, वेडावाकडा. घरात शिंपीण असताना पोरीने बंद स्वतः शिवला आणि मला सांगितलं नाही. दोन वर्षं दर रविवारी तू ही बॅग भरतेस आणि एकदाही कुरकुर केली नाहीस. आम्हाला वाटायचं, किती छान रुळली. मला तिथेच रडू आलं. तू विचारलंस तेव्हा मी सुई टोचली म्हणाले, ती थाप होती.

सोमवारी ते धूड परत केलं. पार्टवाल्याने कपाळाला हात लावला. छोटं कॅबिनेट महाग पडतं, मदरबोर्डही छोटा आणि महाग, शिवाय आत गरम जास्त होतं, असं त्याने तीनदा समजावलं. मी म्हटलं, मला वरती हँडल असलेलंच हवं. मग त्याच्या आतल्या जागेचं माप मीच टेपने घेतलं, कार्डाचं घेतलं, दोन्ही अगदी तंतोतंत. कार्ड बसलंही. पण त्याच्या टोकाला वायरची पिन लागते, तिला वळायला दोन बोटं जागा लागते, ती कुठून आणणार? तीस वर्षं शिवणीसाठी कापड सोडणारी बाई इथे एक सूत सोडायला विसरली. पार्टवाला मनापासून हसला. त्याने आखूड कार्ड दिलं, थोडं कमी ताकदीचं. तुझा गेम चालतो, मी स्वतः टीव्हीला जोडून पाहिलाय. म्हणजे सुरू केला आणि पहिल्याच मिनिटाला मेले.

बुटके, बारा तारखेला जे खरं वाटतं ते सांग. बाबांकडे म्हणालीस तरी मी जेवेन, झोपेन, लोकांच्या पँटी सैल करेन. वाईट वाटेल, खूप वाटेल, पण ते सांभाळणं माझं काम आहे, तुझं नाही. कॉम्प्युटर तुझा आहे, घराचा नाही. बाबांना मीच फोन केला, उद्या येऊन ते घेऊन जातील. आतून फोम लावून त्याची पिशवी शिवली आहे, तिच्या वरच्या खिशात हे पत्र असेल. माउसला वेगळा कप्पा केलाय, मोजे आता पायात घाल. भिंतीतल्या प्लगला लावायच्या वायरी मात्र मी दोन घेतल्या. एक पिशवीत आहे, ती तिकडेच ठेव. दुसरी इथे खिडकीजवळच्या प्लगला लावून ठेवली आहे. ती मी काढणार नाही.

तुझीच,
सुई न टोचलेली आई