गणपतीला गावी न जाणारा लेफ्ट आऊट

प्रिय दिन्या,

तू गेलास, हे वाचणार नाहीस, ते मला कळतं. मी म्हातारी झाले, वेडी नाही. पण काल तुझा सागर येऊन गेला आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले असते तर तो मध्येच बोलला असता. तू ऐकून घ्यायचास, निदान ऐकतोयस असं दाखवायचास.

तुझ्या कंपनीतले कोणी जुने गृहस्थ त्याला भेटले म्हणे. तुझा बाप काय पळायचा, काय पास द्यायचा, असं बरंच कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाले, एका गणपतीपायी सगळं घालवलं त्याने. पोरगा तेच घेऊन माझ्याकडे. "आत्या, बाबांनी खरंच गावच्या गणपतीसाठी करिअरची वाट लावली?" चेहरा असा, जणू तू घर जुगारात घालवलं होतंस. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, नंतर सांगते. अरे, उभ्या उभ्या कसं सांगायचं ते?

घाटकोपरच्या डोंगरावरची आपली चाळ आणि चाळीचा तो फुटबॉल क्लब आठवतो ना तुला? लीगमधल्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधला. एकजात सगळे आपले मालवणी. फुटबॉलचा मोसम पावसाळ्यातला आणि आपला गणपती भाद्रपदातला. दरवर्षी श्रावणापर्यंत तुम्ही वरच्या दोघा-तिघांत असायचात आणि मग अर्धी टीम एसटी धरून कोकणात पसार! उरलेल्यांनी मार खायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच डिव्हिजनमध्ये चिखल तुडवायचा. चाळीतले म्हणायचेच, "मोदक पोटात, टीम तळात."

पण वरच्या डिव्हिजनमध्ये जायचं म्हणून गणपती चुकवावा, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. ते तुझ्या आलं. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, बाबा गिरणीतून निवृत्त होऊन आईला घेऊन गावी गेले होते. मला मुलुंडच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगचं काम होतं आणि रजा नव्हती. तू म्हणालास, मीही थांबतो, ताई एकटी कशी राहील? किती माझी काळजी! मी लगेच ओळखलं होतं, मॅच आहे म्हणून.

त्या रिकाम्या चाळीत आपण दोघांनी पिठलं-भात खाल्ला होता. मला मोदक नीट जमले नव्हते आणि तू त्यांना बटाटेवडे म्हणाला होतास. त्याचा राग मी अजून सोडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा तुझा खेळ बघायला आले, अंधेरीला. तुम्ही आठ जण होतात. गोलमध्ये कोण, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानवाल्यांचा भरत, तोही चष्मा काढून. त्याला बॉल दिसतच नव्हता. तू लेफ्ट आऊट, डाव्या कडेने पळणारा, पण त्या दिवशी तू सगळीकडे होतास. हरलात, चांगले सणसणीत हरलात. पण शेवटच्या मिनिटापर्यंत तू धावत होतास आणि मला तेव्हा कळलं की हा नुसता उंडारत नाही, ह्याला यात काहीतरी येतं. इतकी वर्षं मी तुझ्या चिखलाच्या चड्ड्या धुताना शिव्या घालत होते, आणि त्या मैदानाबाहेर माझा ऊर भरून आला. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चड्ड्या रोज दोन टाकल्या असत्यास.

मॅचनंतर अंधेरीच्या एका क्लबचे सेक्रेटरी आले, डोक्याला रुमाल बांधलेले. त्यांनी तुझा पास, तुझा वेग, कशाबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तू गणपतीला गावाला जात नाहीस काय?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "नाही. इथेच असतो." बस्स, झाली निवड! त्यांची टीम तुझ्यापेक्षा दोन डिव्हिजन वर होती आणि त्यांच्याकडेही अर्धे कोकणातलेच होते.

तू एका वर्षापुरतं बोललास असं मला वाटलं होतं. पण तो शब्दच तुझी पायरी झाला. अंधेरीकडून तू दोन मोसम खेळलास, दोन गणपती चुकवलेस. मग मुलुंडच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या टीमने बोलावलं, थेट सगळ्यात वरची डिव्हिजन आणि वर नोकरी. मोसमभर खेळ बघू, मग कायम करू, असं ठरलं. तिथल्या कोचनेही आधी तेच विचारून घेतलं. तू तेच उत्तर दिलंस.

आणि गावी बाबा वाट बघायचे. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. चतुर्थीच्या सकाळी गणपती घडवतात त्या शाळेतून मूर्ती घरच्या माणसाने डोक्यावरून आणायची, मध्ये कुठे टेकायची नाही. शेताच्या मेरेवरून, ओढ्यावरचा साकव ओलांडून, चांगली अर्ध्या तासाची वाट. तू मोठा झाल्यापासून ते काम तुझं होतं. तू जाईनासा झालास तशी बाबांनी पुन्हा स्वतः मूर्ती उचलायला सुरुवात केली. गुडघे गेलेले, तरी चुलतभावांना हात लावू देईनात. तुझं नाव काढलं की उठून गोठ्याकडे जायचे.

कंपनीतल्या तुझ्या पहिल्या मोसमात मग तो निरोप आला. शेजारचा वामन मुंबईला परतला आणि त्याने दारातच सांगितलं, तुझा बापूस म्हणता, "झील येवचो नाय, तर औंदा गणपतीय येवचो नाय." तू ताटावरून उठलास. आठवतं? मुलगा नाही म्हणून तीन पिढ्यांचा गणपती बंद! आणि तुझी मॅच चतुर्थीच्याच दिवशी. ती चुकली असती तर टीमही गेली असती आणि नोकरीही.

 तिसऱ्या दिवशी मी बिनपगारी रजा टाकली आणि म्हटलं, तू खेळ, गावी मी जाते. तू विचारलंस, तू जाऊन काय करणार? मलाही माहीत नव्हतं.

मी पोचले तेव्हा चतुर्थीची सकाळ उजाडली होती. आई चुलीपाशी डोळे पुसत नारळ खवत होती आणि बाबा खळ्यात पाठमोरे बसून होते. मूर्ती शाळेतच. मी म्हटलं, मी आणते. काकूने मला बाजूला घेऊन विचारायचं ते विचारून घेतलं. चुलते म्हणाले, बाईमाणसाने कधी आणलाय का? मला रागच आला. पाण्याच्या कळशा जन्मभर बायकांनी वाहिल्या ना? डोकं तेच. आईने जुन्या लुगड्याची चुंबळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. बाबा उठले. मला वाटलं, आता गोठ्याकडे जाणार. त्यांनी देव्हाऱ्यातली घंटा घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागले.

साकवावर मी एकेक पाऊल चाचपत टाकत होते, दिन्या. खाली लाल पाणी, मान आखडलेली. बाबा घंटा वाजवत उलटे उलटे चालत होते, तोंड माझ्याकडे करून.  गणपती घरी आला.

त्याच दिवशी तू मॅच खेळलास, जिंकून देणारा पास तुझा होता, आणि दिवाळीआधी तू कायम झालास. मी आल्यावर तू पहिलं काय विचारलंस? "साकवावर पडली नाहीस ना?" गाढवा, पडले असते तर परत आले असते का?

इथपर्यंत सागरला सांगणं सोपं आहे. कठीण आहे ते पुढच्या वर्षीचं.

पुढच्या वर्षी श्रावणातच वामनबरोबर निरोप आला. मला वाटलं, झालं सुरू. पण निरोप असा होता, "झिलाक सांग, औंदा येव नको. खेळ म्हणा. चेडू हाडतला गणपती." म्हणजे मुलगी आणेल. मी तर आनंदाने रडले! चार वर्षांनी घरातली ती गाठ सुटली होती आणि तू मोकळा होतास. मी रजा मंजूर करून घेतली, एसटीचं तिकीट काढलं आणि तुला बजावलं की आता बिनघोर खेळ.

आणि चतुर्थीच्या पहाटे गावच्या थांब्यावर मी उतरले, तर माझ्या मागोमाग तू उतरलास! तेवढ्या लांबच्या प्रवासात शेवटच्या सीटवर तोंडावर टॉवेल घेऊन बसला होतास. मी तिथेच तुझ्यावर ओरडले. मी डोक्यावर गणपती घेतला तो काय तू खेळ सोडून यावास म्हणून? कोचला काय सांगितलंस? तू म्हणालास, खरं ते सांगितलं. तो म्हणाला, नोकरी राहील, टीममधली जागा राहीलच असं नाही. "मग का आलास?"

तू बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलीस. "ताई, बाबांनी ये म्हटलं असतं ना, तर नसतो आलो गं."

मी तेव्हा ते समजून घेतलं नाही. घरापर्यंत तुझ्या चार पावलं पुढेच चालत राहिले.

बाबांनी तुला बघितलं आणि हातातली घंटा खाली ठेवली. तू पुढे झालास, चुंबळीसाठी हात केलास. बाबा म्हणाले, "गणपती तिच्याच डोक्यार. माझा सांगान झाला तिका. तू छत्री धर." तू हसलास, अगदी मोकळा हसलास. पावसाची भुरभुर चालूच होती. बाबा पुढे घंटा घेऊन, मध्ये मी, आणि बाजूला वरच्या डिव्हिजनचा लेफ्ट आऊट देवावर छत्री धरून चिखलातून चाललेला. साकवावर तू स्वतः भिजत कडेकडेने चालत होतास.

मुंबईत तुझी टीम त्या दिवशी तुझ्याशिवाय जिंकली. तुझ्या जागी खेळलेल्या मुलाने गोल मारला आणि जागा त्याची झाली. तू कंपनीच्या दुसऱ्या टीममध्ये गेलास, खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि तिथेच चार-पाच वर्षं खेळून संपलास. एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का रे? म्हणालास, वाटतं, दर मॅचला वाटतं. मला बरं वाटलं की तू खोटं बोलला नाहीस. मलाही वाटतं, अजून.

त्यानंतर बाबा आणखी सातच गणपती होते. त्या प्रत्येक वेळी तू गावी होतास आणि तुम्ही दोघं खळ्यात बसून फुटबॉलवर बोलायचात. बाबांना ऑफसाइड शेवटपर्यंत कळला नाही. तू दरवर्षी नव्याने सांगायचास, सुपाऱ्या मांडून.

तेव्हा ऐक. रविवारी मी सागरला जेवायला बोलावते. तुझं वाईट वाटणं त्याच्यापासून लपवणार नाही, तुला संतही करणार नाही. पण त्याला हे नक्की सांगेन, की तुझा बाप वरपर्यंत पोचला होता, तिथून त्याला कुणी खाली खेचलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. त्याच्या बापाने त्याला मोकळं सोडलं, तेव्हा तो आपण होऊन आला. एवढं त्याला कळेपर्यंत मी त्याला ताटावरून उठू देणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
ताई