विनापरवाना पोहल्याचा खुलासा

दि. १७ एप्रिल २००६

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
पट्टण पंचायत कार्यालय, अक्कनकेरी,
ता. बसवकल्याण, जि. बीदर.

अर्जदार : अनसाबाई भ्र. पिराप्पा मेत्रे, वय अंदाजे ५८, धंदा मजुरी, रा. धनगर गल्ली, अक्कनकेरी.

विषय : प्रस्तावित जलविहार उद्यानात उद्घाटनापूर्वी, परवानगीशिवाय व पोहण्याच्या पोशाखाशिवाय पोहल्याबद्दल आलेल्या नोटिशीचा खुलासा, तसेच गल्लीतील बेचाळीस घरांचे म्हणणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. २७ मार्च २००६.

महोदय,

१. वरील नोटीस अर्जदार अनसाबाई हिला दि. २९ मार्च रोजी, ती कोहिनूर गावच्या शिवारातून ज्वारीच्या काढणीवरून परत आल्यावर मिळाली. नोटीस कन्नडमध्ये होती. अर्जदाराला मराठी व कन्नड दोन्ही बोलता येतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत, त्यामुळे भाषेबद्दल तिची काही तक्रार नाही. शेजारचा गुरुबसव नऊ वर्षे हैदराबादेत नळजोडणीची कामे करून गावी परतला आहे. त्याने ती वाचून मराठीत सांगितली. ऐकून अर्जदाराने एवढेच विचारले, "मी पवले? कवा?" म्हणून हा खुलासा करणे भाग पडले. अर्ज अर्जदाराने सांगितला असून तो सत्यभामाबाई या निवृत्त शिक्षिकेने लिहिला आहे. जे कोणी जे बोलले ते तसेच ठेवले आहे.

२. धनगर गल्लीतील बहुतेक घरे पूर्वी मेंढरे घेऊन फिरणारी होती. आता मेंढरे गेली, माणसे राहिली आणि मजुरीला लागली. गल्लीला नळ नाही. १९९५ पासून नळासाठी सात अर्ज देण्यात आले. सातही वेळा उत्तर आले की गल्ली उंचावर आहे, तेथे पाणी चढत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये गल्लीमागच्या मोकळ्या जागेवर पोहण्याचा तलाव, कारंजे आणि एकवीस फूट उंच घसरगुंडी करण्याचे ठरले. जानेवारीत त्यासाठी पाइप आला. तो बेचाळीस उंबरठ्यांसमोरून चार दिवसांत पुरला गेला आणि पाणी चढले. गुरुबसवची आई कमलम्मा हिने खोदणाऱ्यांना विचारले, "आमच्या दारातून पाइप जायलाय, मग एक तोटी कामून न्हाई?" त्यांनी सांगितले, "अक्का, हे प्यायचं पाणी न्हाई, करमणुकीचं हाय."

३. फेब्रुवारीत कार्यालयाचे अभियंता साहेब रहिवाशांचे म्हणणे ऐकण्यास आले. बायकांनी चार गोष्टी सांगितल्या. खड्डा मागच्या दारांपासून अकरा फुटांवर आहे व त्याला भिंत नाही. तलावाचे सांडपाणी उताराने गल्लीतच येणार. डास होणार. आणि घसरगुंडीच्या माथ्यावर उभे राहणाऱ्याला सगळ्या गल्लीतल्या न्हाण्या दिसणार, कारण न्हाण्यांना शहाबादी फरशीच्या तीन भिंती आणि एक पोत्याचा पडदा असतो, वर छप्पर नसते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. भिंत दुसऱ्या टप्प्यात आहे असे ते म्हणाले. न्हाण्यांबाबत त्यांनी खुलासा केला की वर उभा राहिलेला माणूस दोन सेकंदांत घसरून खाली येतो, तेवढ्यात त्याला काय दिसणार. त्यावर सिद्धव्वा ही सत्तरीची बाई म्हणाली, "मग तुमच्या न्हाणीम्होरं बांधा की साहेब. दोनच सेकंदाचा तर सवाल हाय." बैठकीच्या इतिवृत्तात 'महिलांनी घसरगुंडीविषयी विशेष उत्सुकता दाखविली' अशी नोंद असल्याचे नंतर समजले.

४. आता दि. १६ मार्चची हकीकत. त्या दिवशी गुरुवार होता. पाइपाची चाचणी म्हणून सकाळपासून खड्ड्यात पाणी सोडले होते. तळ व बाजू सिमेंटच्या झालेल्या, खोली सात फूट. दुपारपर्यंत पाणी माणसाच्या डोक्यावर गेले. अर्जदाराची नात तेजश्री सहा वर्षांची आहे. तिचे आईबाप, म्हणजे अर्जदाराचा मुलगा सुनीलकुमार व सून, पुण्यात इमारतींच्या कामावर असतात, आणि पोरीची शाळा बुडू नये म्हणून ती आजीकडे असते. आजी रोज अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून सहा खेपा पाणी आणते हे ती पाहत आली आहे. मागच्या दाराशी एवढे पाणी आलेले पाहून आजीची एक खेप वाचवावी एवढेच तिच्या मनात आले. ती लहान कळशी घेऊन गेली आणि काठावरून वाकली.

अर्जदार घरामागे ज्वारी पाखडत होती. सिमेंटवर कळशी आदळल्याचा आवाज तिने ऐकला. धावत गेली तेव्हा पाण्यावर कळशी तरंगत होती, पोरगी दिसत नव्हती. अर्जदाराला पोहता येत नाही. ओढ्यातून मेंढरे पार करताना कमरेपर्यंत जेवढे पाणी लागते तेवढेच पाणी तिला माहीत. तिने नेसत्या लुगड्यानिशी उडी टाकली. पाय तळाला टेकले तेव्हा पाणी डोक्यावर हातभर होते. चाचपडताना फ्रॉक हाताला लागला. वर येण्याची युक्ती तिला ठाऊक नव्हती, म्हणून ती तळावर पाय रोवून उभीच राहिली आणि पोरीला दोन्ही हातांनी पाण्याबाहेर धरले. आपण कसे बाहेर येणार याचा विचार तिने केला नव्हता, असे ती सांगते.

आपल्या कार्यालयाचे पर्यवेक्षक नागराज तेव्हा पाइपाच्या चावीजवळ होते. त्यांनाही पोहता येत नाही. ते काठावर पालथे पडले, पोरीला दंडाला धरून ओढून घेतले आणि मग उंची मोजण्याची लांब काठी पाण्यात सोडून ओरडत राहिले, "अव्वा, काठी धर! सोडू नको, धर!" पाण्याखाली अर्जदाराला ते ऐकू आले नाही, काठी गालाला लागली तेव्हा तिने ती धरली. बाहेर काढल्यावर तेजश्री बराच वेळ निपचित होती. ओरडा ऐकून गल्ली जमली होती. सिद्धव्वाने तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या. पोरगी पाणी ओकली आणि मोठ्याने रडली, तेव्हा उभी असलेली सगळी गल्ली मटकन खाली बसली.

 नागराज यांनी भिजलेली नोंदवही काढून अर्जदाराला नाव विचारले. ती म्हणाली, "बाबा, पोरगी मरता मरता वाचलीय आन् तू नाव कामून लिवायलास?" ते म्हणाले, "अव्वा, वरती कळवावं लागतं." त्यांनी लिहिले की एक बालिका पाण्यात पडली, आजीने उडी घेऊन तिला वाचविले, तरी भिंत ताबडतोब बांधावी. गुरुबसवने ते तेथेच सर्वांना वाचून दाखविले. येथपर्यंत कार्यालयाच्या लेखनात एकही चूक नाही.

५. त्याच संध्याकाळी अर्जदाराने कमलम्माच्या दुकानातून पुण्याला मुलाला फोन लावला. सांगायचे खूप होते. "पोरगी बरी हाय. जरा भिजली," एवढेच तिच्या तोंडून निघाले. मुलगा म्हणाला, "मार्चात? पाऊस आलता का?" ती म्हणाली, "व्हय, आलता जरा." मुलाशी खोटे बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. याचा नोटिशीशी संबंध नाही. तिने लिहा म्हटले म्हणून लिहिले.

६. दि. २४ मार्च रोजी वॉर्डाच्या सभेत सदस्य शरणप्पा यांनी उद्यानाचा प्रगती अहवाल वाचून दाखविला. त्यात होते : 'पाण्याची चाचणी यशस्वी. स्थानिक रहिवाशांपैकी एक बालिका व एक ज्येष्ठ महिला यांनी जलक्रीडेचा उत्स्फूर्त लाभ घेतला. कर्मचाऱ्याने सुरक्षा पुरविली.' खाली अर्जदाराचे नाव व त्यापुढे 'लाभार्थी' असे होते. काही लोकांनी टाळ्या वाजविल्या. नागराज यांची नोंदवही आणि आपले कार्यालय यांच्यामध्ये फक्त दोन फर्लांगांचा रस्ता आहे. एवढ्या रस्त्यात बुडण्याचा लाभ कसा झाला, हे अर्जदार सांगू शकत नाही. पुढे हाच अहवाल आपल्याच दुसऱ्या टेबलावर गेला. उद्घाटनापूर्वी लाभ घेणे हे नियमबाह्य असल्याचे तेथे ध्यानात आले आणि नोटीस निघाली.

७. नोटिशीतील मुद्द्यांचा खुलासा पुढीलप्रमाणे.

परवानगी का घेतली नाही? घटना दुपारी दीड वाजता घडली. त्या वेळी कार्यालयाची जेवणाची सुटी असते.

पोहण्याचा पोशाख का नव्हता? लुगडे नऊवारी होते व कासोटा घट्ट होता. तोच पोशाख असल्याचे अर्जदाराला वाटले.

पाण्यात उतरण्यापूर्वी नियमानुसार अंघोळ केली होती काय? नव्हती. तीन दिवस झाले होते. कारण परिच्छेद २ मध्ये आले आहे.

'पुन्हा असे कृत्य करणार नाही' असे हमीपत्र सही करून द्यावे, असेही नोटिशीत आहे. गुरुबसवने हे वाक्य वाचले तेव्हा अर्जदाराने ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "हे मी कसं लिवून देऊ? पोरगी परत पडली तर मी परत उडी मारणार की." नोटिशीचे बाकी सर्व तिला मान्य आहे. दंड सांगाल तो ती मजुरीतून भरील. हमीपत्र मात्र ती देऊ शकत नाही. कोरा नमुना कोराच परत केला आहे.

८. यानंतर अर्जदार, कमलम्मा व सिद्धव्वा भिंतीसाठी तीनदा कार्यालयात आल्या. भिंत दुसऱ्या टप्प्यात, दुसरा टप्पा उद्घाटनानंतर, आणि उद्घाटन पाहुण्यांची तारीख मिळाल्यावर, असे त्यांना कळले. मधल्या दिवसांत गल्लीतल्या आया पोरांना दाराच्या कडीला लुगड्याने बांधून कामाला जात होत्या. सिद्धव्वाच्या सुनेने बांधलेले पोर रडून रडून निळे पडले. त्या दिवशी पारावर बोलणे झाले.

सबब दि. ८ व ९ एप्रिल रोजी, दुसरा शनिवार व रविवार असल्याने आपल्या कामात व्यत्यय न आणता, गल्लीने सदर खड्डा बुजविला. आधी बादल्यांनी पाणी उपसून घरोघर नेले. अर्जदाराचा नवरा पिराप्पा व इतर म्हाताऱ्यांनी बांधावरचे धोंडे गाड्यांतून आणले, बायकांनी ओढ्याची माती टोपल्यांनी वाहिली. कमलम्माने दोन्ही दिवस सगळ्यांना भाकरी व झुणका घातला. आपल्या कार्यालयातील एक कर्मचारीही सुटीच्या दिवशी येऊन पाट्या उचलत होते. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहिलेले नाही. रविवारी दुपारी जमीन सपाट झाली. अर्जदाराने तिच्यावर पाय आपटून पाहिला आणि मग तेजश्रीला घरातून बाहेर आणले.

पाइपाचे तोंड मात्र उघडे राहत होते. पाणी वाया जाणे हे सार्वजनिक नुकसान असल्याने गुरुबसवने त्याला एक तोटी बसविली. हे काम त्याने मन लावून केले आहे, तोटी गळत नाही. पाणी सकाळी येते. करमणुकीचे पाणी प्यायल्याने अद्याप कोणालाही त्रास झालेला नाही. उलट रांगेत बायका खूप हसतात, त्यामुळे योजनेचा मूळ हेतूही काही अंशी साध्य झाला आहे.

९. वरील सर्व बाबी पाहता भिंतीचा प्रश्न उरलेला नाही, त्यामुळे तो दुसऱ्या टप्प्यातून वगळावा. प्रगती अहवालातील अर्जदाराच्या नावापुढचा 'लाभार्थी' हा शब्द खोडावा. खड्डा बुजविणे हा गुन्हा असल्यास तो बेचाळीस घरांचा आहे. परंतु एवढ्या माणसांना नोटिसा लिहिण्याचा त्रास कार्यालयाला होऊ नये म्हणून अर्जदार तो एकटीच्या अंगावर घेण्यास तयार आहे. पोलीस पाठवावयाचे झाल्यास सकाळी सहा ते आठ ही वेळ तेवढी टाळावी. त्या वेळात रांगेवर लक्ष ठेवण्याचे काम गल्लीने तिच्याकडे दिले आहे, आणि ती हलली की पुढच्या बायका दोन घागरींऐवजी तीन भरतात. आठनंतर ती घरीच असते.

आपल्या हद्दीतील, न पोहणारी नम्र अर्जदार,

(डाव्या हाताचा अंगठा)
अनसाबाई भ्र. पिराप्पा मेत्रे

अर्ज लिहिणार : सत्यभामाबाई, निवृत्त शिक्षिका, मराठी शाळा, अक्कनकेरी

सोबत :
१) नोटिशीची प्रत
२) हमीपत्राचा नमुना, कोरा
३) बेचाळीस घरांच्या सह्या व अंगठे, एकूण १३७