हरण्याचं मुसकं

चकलांबा,
राखीपुनवेचा दुसरा दिवस

...आणि वरून मलाच विचारतीस, ताई, फोटो कसा वाटला? अगं, आमच्या बैलाच्या तोंडाचं मुसकं नेऊन समुद्राच्या काठाला टांगलंस, आता त्यावर मी काय वाटून घेऊ?

चि. सौ. अंजूस ताईचा आशीर्वाद. (आशीर्वाद मागून लिहिला. तो थांबतो, राग थांबत न्हाई.) तुझा गुडघा कसा हाय? तुझ्या परमेश्वररावांची एसटी घाटात नीट चालती का? आमी समदे खुशाल, म्हणजे न्हाईच. फोनवर बोलले असते, पण फोन ह्यांच्या खिशात असतो आणि मला हळू बोलता येत न्हाई. तुझा फोटोबी तुझी भाची वर्षाराणी राखीला बीडहून आली तवा तिच्या मोबाईलवर पाहिला, ती आज सकाळी परत गेली. म्हणून चौथीपतुरची शाळा कामाला लावलीय. चुका मोजू नको.

तर तिथल्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात कोण ती चष्मेवाली बाई आली, कोळ्यांच्या घरोघरचं जुनंपानं गोळा केलं, मोडकी वल्ही, फाटकी जाळी, मासळीच्या पाट्या, गंजके कंदील, आणि समदं दोरीनं टांगून त्याची म्हणे लाट केली. करू दे. खरं सांगते, वल्ही बघून मलाबी बरं वाटलं, धरून धरून मुठीपाशी झिजलेली, आपल्या कोळप्याच्या रुमण्यासारखी. पण लाटेच्या पार शेंड्यावर माझ्या सासऱ्यानं विणलेलं मुसकं! आणि खाली पाटी, 'खेकडे धरायचं जुनं जाळं. वापरणारा अनामिक.' अनामिक कसला? हरण्या नाव हाय त्याचं. आठ वर्षं त्यात तोंड घालून कोळपणी केलीय त्यानं. खालची दोरी कुरतडलेली हाय ती त्याच्या दातांनी, खेकड्यानं न्हाई.

कशापायी दिलंस, ते मला कळतंय. बारा वर्षं तिथं राहून अजून तुला घाटावरची म्हणतात. घरोघरनं काहीतरी जुनं निघालं, तुझ्या घरात निघालं न्हाई, आणि त्या बाईसमोर तुला हात हलवत उभं राहायचं नव्हतं. पण बाई, त्यांच्यात बसायला आमच्या बैलाला कोळी कशाला करतीस?

इथं काय झालंय ते ऐक. हरण्या आमचा, पाखऱ्या मोहनराव भावजींचा, दोघं मिळून एक जोडी. भाऊ बोलले न्हाईत तरी बैल चालायचे. औंदा कोळपणीला मुसकं सापडंना. हरण्या म्हणजे खादाड जात, दोन पावलं चालतो आणि कपाशीचा शेंडा तोडतो. बाजारातलं पिलास्टिकचं मुसकं आणलं, तेच चावून टाकलं. वर्षाराणीची जुनी ओढणी बांधली, तर निम्मी खाल्ली. मग ह्यांनी घर उलटंपालटं केलं आणि शेवटी बांधावर जाऊन भावजींना म्हणाले, गोठ्यात तूच ये-जा करतोस, बापाची निशाणी तूच लंपास केलीस. भावजी एरवी गरीब माणूस. त्यांनी पाखऱ्याचा कासरा सोडला आणि म्हणाले,

"दादा, माझ्या बैलाला मुसकं लागत न्हाई. लागलंच तर तुझ्या तोंडाला लागतंय."

तवापासून बोलणं बंद. दोन गोठ्यात दोन सुटे बैल, आणि रानात तण गुडघ्याला लागलंय. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला दरसाल दोघं भाऊ एकाच वाटीतलं हळद-तूप दोन्ही बैलांच्या खांद्याला चोळतात. औंदा ह्यांनी वाटी वेगळी काढून ठेवलीय. पोळ्याला एकटा हरण्या तोरणाखालून जायचा आणि गाव दात काढायचं. भामाबाईनं, भावजींच्या बायकोनं, परवा हातपंपावर माझ्याकडं पाहिलं न्हाई, आणि मला तिच्याकडं पाहायला तोंड न्हाई.

परमेश्वरराव पोळ्याला येतील तवा मुसकं त्यांच्याबरोबर धाड.

तुझी ताई
सुभद्रा

ता.क. तोंड कशापायी न्हाई ते तुला ठाऊक हाय. शिमग्याला परमेश्वरराव आले तवा दोन किलो लसूण मीच त्या मुसक्यात भरून दिला. पिशवीत लसूण गुदमरतो, मुसक्यात वारा लागतो. (एकबी गड्डा सडला न्हाई, असं तूच म्हणालीस.) बापाच्या वस्तूला हात लावायचा न्हाई, हे ह्यांनी मला पंधरा वेळा बजावलंय. तर तू ह्यांच्या नावानं दुसरं पत्र लिही, की दाजी, शिमग्याच्या आधी मी माहेरपणाला आले तवा न विचारता मुसकं उचललं, मोहनरावांची काही चूक न्हाई. मेहुणीनं चोरलं तर माणूस हसतो, बायकोनं दिलं तर जेवत न्हाई. लसणाचं नाव काढू नको.

ता.क. दुसरं. हे पत्र परमेश्वररावांच्या वळखीच्या डायवरकडं दिलंय, त्याबरोबर माझी फुटकी चाळण हाय. मुसकं काढलं की त्या जागी ती टांग, लाटेला भोक नको. कुठली मासळी चाळायची ते तुझी चष्मेवाली ठरवील. पण पाटीवर अनामिक लिहू देऊ नको, सुभद्राबाई लिहायला सांग.

ह्यांच्या नावाचं पत्र खांदमळणीच्या सकाळी माझ्या हातात पाहिजे. दुपारी वाट्या भरायच्या हायेत, एक का दोन ते तुझ्यावर हाय.