पोटातल्या जंतूंच्या बाजूने

३ जानेवारी, पहाटे पाच
भट्टी पेटवायच्या आधीच दोनदा आत जाऊन आलो. कारण तेच, गोळी. आमच्या घराण्यात वारशाने आलेला एक ताप आहे. दर काही आठवड्यांनी चढतो, पोटात कळा, छातीत कळा, आणि दोन-तीन दिवसांनी आला तसा जातो. मला आहे, लेकीत उतरलाय. त्यासाठी रोज गोळी, जन्मभर. ताप थांबतो आणि किडन्या शाबूत राहतात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पोटाचं काय होतं, ते त्यांनी एकदा आमच्या बाथरूमबाहेर उभं राहून पाहावं.
संकल्प: यंदा या प्रकरणाच्या मुळाशी जायचं.

५ जानेवारी
मोबाइलवर लेख वाचला. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात, त्यातले बरेचसे चांगले. पचन, वजन, साखर, मूड, सगळं त्यांच्या हातात. हे मला कोणी सांगायला हवं होतं? पाववाला आहे मी. पंचवीस वर्षं खमिराच्या बरणीत जंतूच तर पोसतोय. ते खूश असले की पाव फुगतो, रुसले की वीट. या विषयात डॉक्टरांपेक्षा माझा अनुभव मोठा. फक्त पाटी लावलेली नाही.

६ जानेवारी
प्रयोग. दोन बरण्या, दोन्हीत तेच खमीर, तेच पीठ. एकीत गोळी कुटून घातली. ओट्यावर जागा नव्हती, म्हणून ती खिडकीत ठेवली.

७ जानेवारी
निकाल. साध्या बरणीचं झाकण उडालं. गोळीची बरणी ढिम्म. म्हणजे गोळी जंतू मारते. सिद्ध झालं. हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, त्या खिडकीची काच फुटलीय, गार वारा लागला असेल. बायकोशी शास्त्र बोलू नये.
आजपासून माझी गोळी बंद. सांगायचं कोणालाच नाही. घरात गोळ्यांचं खातं माझ्याकडे, दुकानाचा गल्ला हिच्याकडे. त्यामुळे अडचण नाही.

२ फेब्रुवारी
ताप नाही. पोट शांत. कितीतरी वर्षांनी दुधाचा चहा निवांत प्यायलो. रक्तातली चरबीही उतरली असणार. तपासायची गरज वाटत नाही, आतून कळतं.

१५ फेब्रुवारी
चिंगी रडली. चिंगी म्हणजे माझी लेक, सतरा वर्षांची घोडी, पण घरात नाव तेच राहिलं. तास चालू असताना तीनदा उठावं लागलं, वर्ग हसला. म्हणाली, बाबा, मला कॉलेजात जायचंच नाही.
तिला बरण्यांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, पण किडनीचं काय? म्हटलं, पोटातले जंतू सुखी असले की किडनीला तेच सांभाळतात. हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं, पण वजनदार आहे. आईला सांगायचं नाही असं ठरलं. गळ्यात पडली. म्हणाली, तुम्हालाच कळतं बाबा.
उद्यापासून तिचीही बंद.

११ मार्च
मला ताप. हवा बदललीय. शिवाय काल पंख्याखाली बसलो होतो.

२८ मार्च
चिंगीला ताप. तीन दिवस पोट धरून पडून होती. एक पेपर बुडाला. घाबरण्यासारखं काही नाही, शरीर गोळ्यांचा साठलेला कचरा बाहेर टाकतंय. हिने विचारलं, गोळी वेळेवर घेते ना? म्हटलं, घेते की. एवढ्या तेवढ्यावरून आईने काळजी करायची म्हटलं तर संसार व्हायचा कसा?

९ ऑगस्ट
चिंगीच्या तपासणीची तारीख होती. फोन करून पुढे ढकलली. हिला म्हटलं, डॉक्टरीणबाई रजेवर आहेत.
पोट अजून म्हणावं तसं सुधारलेलं नाही पोरीचं. तापाच्या दिवसांत तर जास्तच बिघडतं. वजन उतरलंय. पण खमीरही एका दिवसात जोर धरत नाही. जंतूंना वेळ द्यावा लागतो.

१४ डिसेंबर
चिंगीच्या पायात बूट जाईना. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. म्हटलं, उभं राहून अभ्यास करतेस का? मीठ कमी कर. ही माझ्याकडे नुसती बघत राहिली.

१५ डिसेंबर
हिने गल्ल्याला कुलूप घातलं आणि चिंगीला घेऊन गेली दवाखान्यात. मला विचारलंसुद्धा नाही. एवढा राग कशाचा?

२३ डिसेंबर
लघवीतून प्रथिन जातंय. दवाखान्यात दाखल केलं. किडनीचा तुकडा काढून तपासला. वर्षभर आत जी आग धुमसत होती, तिचा चिकट गाळ किडनीत साठलाय. गोळी पुन्हा चालू केली. आणखी साठणं थांबेल, अशी आशा आहे. गेलं ते परत येईल असं मात्र डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. थोडा गाळ आधीपासूनचा असू शकेल, असंही म्हणाल्या. थोडा आधीपासूनचा असू शकेल. हे दोनदा लिहून ठेवलं.
मी जंतूंचा मुद्दा काढला. रागावतील असं वाटलं होतं, पण खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, तुमचं निम्मं बरोबर आहे. गोळीने काहींचं पोट बिघडतं, दूध पचत नाही. पण आतली आगही त्या जंतूंची घडी विस्कटते. ती आग शांत राहिली, तर त्यातलं थोडंफार सावरतं. आणि पोटाचा त्रास होता तर यायचं होतंत. डोस दोन वेळांत वाटून दिला असता, दूध कमी करून पाहिलं असतं. एवढंच करायचं होतं.
एवढंच.
गार वाऱ्यात खमीर फुगत नाही. हे भट्टीवर पहिल्या हिवाळ्यात शिकलो होतो मी.

२९ डिसेंबर
ही बोलत नाही माझ्याशी. डबा मात्र दोघांचा आणते. मीही गोळी पुन्हा चालू केली. माझे रिपोर्ट स्वच्छ आले. दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. पोरीचे स्वच्छ यायला हवे होते.

४ जानेवारी
आज चिंगी जरा उठून बसली. चेहरा सुजलाय, डोळे बारीक झालेत. ही समोरच होती. चिंगी हिला म्हणाली, आई, बाबांवर रागावू नकोस. मी लहानपणापासून गोळ्या चुकवत होते. तोंडात धरायचे आणि थुंकायचे. बाबांना ठाऊकच नव्हतं. हे आधीचंच आहे सगळं.
ही खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.
खोटं आहे. ती चार वर्षांची होती तेव्हापासून रोज सकाळी गोळी मीच तिच्या जिभेवर ठेवली. पाणी प्यायल्यावर ती आ करून दाखवायची, जीभ वर, जीभ खाली. एकही गोळी चुकली नव्हती. मी सांगेपर्यंत.
ती माझ्याकडे बघत होती. मी मानतोय की नाही, हे बघत होती.
मी म्हटलं, असं होय. बरं झालं सांगितलंस.